पिवळा कापूस आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर अर्ध्यात तुम्ही म्हणाल, ही म्हातारी सगळ्यांकडे वाकड्या नजरेने का बघते? माझं सगळं आयुष्य माणसांचे चेहरे बघण्यात गेलं आहे. फोटोसाठी बसलेला माणूस किती खरं हसतो, ते मला विचारा.

शिवाय माझी एक अडचण आहे. मला फक्त समोरचं दिसतं. मागे कॅमेऱ्यापाशी कोण उभं आहे, कुठलं बटण दाबतंय, कुठली चकती फिरवतंय, हे मला कधीच दिसत नाही. फक्त ऐकू येतं. जिच्या पाठीमागे जन्मभर कुणीतरी खुटखुट करत राहिलं, तिला संशयाची सवय लागणार नाही तर काय होईल?

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी काच घासून घासून माझी भिंगं घडवली आणि त्यांच्याभोवती काळी धातूची कडी चढवली. माझ्या काचेत काहीतरी खास मिसळलेलं होतं. त्यामुळे चित्र सुरेख यायचं, पण तीच काच वर्षानुवर्षं अंधारात पडून राहिली की पिवळसर होते. ही गोष्ट कारखान्यातून निघताना मला कुणीच सांगितली नाही. माझ्या फसवणुकीची सुरुवात तिथूनच झाली.

हातोहात फिरत मी अकोल्याला जठारपेठेत आले, देवमन यांच्या फोटो स्टुडिओत. देवमन शांत माणूस. एक रंगवलेला पडदा, दोन दिवे आणि बसायला एक स्टूल, एवढाच त्यांचा पसारा. परीक्षेच्या फॉर्मवरचे फोटो, लग्न ठरवण्यासाठी काढलेले मुलींचे फोटो, जयंतीच्या मिरवणुकीचे फोटो, सगळे माझ्यातूनच निघाले. फोटो हातात पडला की लोक म्हणायचे, "काय काच हाय बाप्पा तुमची!" मला बरं वाटायचं. पण लगेच मनात पाल चुकचुकायची, की हा आता एक प्रत फुकट मागणार. बहुतेक वेळा तो मागायचाच.

मग फिल्मचे रोल गेले आणि प्रत्येकाच्या खिशात फोन आला. स्टुडिओ बंद पडला. मी ज्या कॅमेऱ्यावर बसत होते तो बिघडला आणि भंगारात गेला. देवमन यांनी मला एका जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं, शेजारी डांबरगोळ्या टाकल्या आणि दार लावलं. पुढे ते गेले. त्यांच्या पत्नी इंदूबाई अमरावतीला मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा कपाटाबरोबर मीही आले. पण कपाट उघडून माझी चौकशी कुणी केली नाही. कडेला बुरशीचा एक ठिपका धरला. काच हळूहळू पिवळी पडू लागली. त्या अंधारात मला फार एकटं वाटलं, मित्रांनो. हे मी एरवी कबूल करत नाही.

एके दिवशी कपाट उघडलं ते देवमन यांच्या नातीने, भावनाने. भावना दिवसा एका शाळेत संगणक शिकवायची आणि उरलेल्या वेळात फोनवर सिनेमा बनवण्याचे धडे बघायची. तिला एक छोटा सिनेमा करायचा होता, आजीवरच. इंदूबाईंचं माहेर चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यात. लहानपणी त्या तिथल्या शेतांत कापूस वेचायला जायच्या. पांढऱ्या वावरात आजीला उभं करायचं, आजीने स्वतःच्या तोंडाने ते दिवस सांगायचे आणि आपण कॅमेरा चालवायचा, एवढाच भावनाचा बेत होता. पण कापूस एकदा वेचला गेला की पुढचा वर्षाने फुटतो, आणि इंदूबाईंचे गुडघे तर आताच भिंत धरून चालायचे. या हंगामात सिनेमा झाला नाही तर तो कधीच होणार नव्हता. भावनाला हे पक्कं ठाऊक होतं.

कॅमेरा तिच्या मित्राचा होता. नितेश त्याचं नाव. दोघे कॉलेजात एकत्र होते. आता नितेश अकोल्याला लग्नांचं शूटिंग करायचा. भावनाने विषय काढताच तो मोटारसायकलवर कॅमेरा घेऊन आला आणि म्हणाला, "घे. लग्नाचा सीझन लागेपर्यंत तुहाच समज." त्याने एका स्वस्त धातूच्या कड्याने मला त्या नव्या कॅमेऱ्यावर बसवलं. मला मात्र हे फार गोड वाटलं. इतका भारी कॅमेरा कुणी असा सहज देतं का? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी डोळ्यांत तेल घालून बसले.

सिनेमा करायचा तर आधी चाचणी हवी. कोणती लेन्स बरी, रंगांची कोणती सेटिंग बरी, हे ठरवायला आम्ही सगळे त्या खेड्यात गेलो. शेत होतं खुशालराव यांचं. इंदूबाई ज्यांच्या वावरात वेचायच्या, त्यांचा हा मुलगा. आता तोही म्हातारा झालेला. त्याने आमच्यासाठी विहिरीजवळचा एक तुकडा न वेचता राखून ठेवला होता, राहायला खोली दिली होती आणि वर संशयही ठेवला होता. त्याबाबतीत आमचं दोघांचं जुळलं असतं.

"पिच्चर काढ पोरी," तो भावनाला म्हणाला, "पन मले दाखवल्याबगर कोठी पाठवजो नको. माह्या बापाले राक्षस करून दाखवशीन तं पाय."

"काका, आजी जे बोलन तेच येईन त्यात."

"तेच तं भेव हाय मले!" खुशालराव म्हणाला. इंदूबाई खाटेवर बसून पदराआड हसल्या.

चाचणी सुरू झाली. पहिल्यांदा विहिरीवरच्या पंपाच्या, म्हणजे मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि त्याची अक्षरं किती स्वच्छ दिसतात ते पाहिलं. मी पूर्ण उघडी असले की अक्षरं थोडी धूसर यायची. कडं फिरवून मला जरा मिटवलं की ती लख्ख व्हायची. नितेशची स्वतःची झूम लेन्सही तपासली. ती नवी, हलकी आणि प्लॅस्टिकची होती. तिच्याविषयी मी काही बोलत नाही.

मग रंग. नितेशच्या कॅमेऱ्यावर लग्नाची सेटिंग होती, तीत शालू लालभडक आणि हळद पिवळीधमक दिसायची. भावनाने फोनवर बघून सगळे रंग अगदी फिके करणारी सेटिंग लावली. ती म्हणाली, रंग मागाहून संगणकावर भरायचे असतात, मोठ्या सिनेमात असंच करतात. पण संगणकावर रंग भरायला गेल्यावर आकाशात निळ्या रंगाच्या जिन्यासारख्या पायऱ्या पडल्या.

"ह्या कॅमेऱ्याले ते झेपत नाही," नितेश म्हणाला. "अंदरच इतके बारीक रंग नाहीत तं तू भरशीन कोठून?"

शेवटी दोघांनी मधली वाट काढली. सेटिंग साधीच ठेवली, फक्त उजेड-सावलीतला फरक थोडा कमी केला. आकाश गुळगुळीत आलं. भावनाने आनंदाने टाळी वाजवली. मलाही मजा येत होती. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याविषयी एवढं भांडत होतं.

आता एक गोष्ट नीट ऐका मित्रांनो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय हे आपोआप कळत नाही. ते त्याला शिकवावं लागतं. उजेडात एखादी पांढरी वस्तू त्याच्यासमोर धरायची आणि सांगायचं, बाबा रे, हे पांढरं. मग त्या हिशोबाने तो बाकीचे रंग लावतो. नितेशला लग्नाच्या धांदलीत याला वेळ नसायचा. तो कॅमेऱ्यातलं सूर्याचं चित्र निवडायचा आणि मोकळा व्हायचा. त्याची झूम लेन्स त्याने तशीच तपासली. भावना मात्र धड्यात सांगितल्याप्रमाणे वागली. मला लावल्यावर तिने माझ्यासमोर इंदूबाईंची पांढरी साडी धरली. पौर्णिमेला विहारात वंदनेला जाताना इंदूबाई नेसायच्या, ती साडी. अमरावतीत त्यांच्या गल्लीत त्या साडीइतकं पांढरं दुसऱ्या कुणाच्या दोरीवर दिसत नसे. बगळ्याच्या पंखासारखी होती अगदी.

भावनाने आजीला कापसात उभं केलं. आधी झूम लेन्सने, मग माझ्यातून. नंतर दोन्ही चित्रं संगणकावर शेजारी शेजारी लावली. झूम लेन्समधून इंदूबाई इंदूबाईंसारख्या दिसत होत्या. माझ्यातून त्या पिवळ्या दिसत होत्या. चेहरा पिवळा, हात पिवळे, मागचा कापूसही पिवळा.

इंदूबाईंनी वाकून पडद्यात पाहिलं. "मले कावीय झाली का व?" त्या म्हणाल्या.

"काच जुनी हाय आजी," नितेश म्हणाला. "जुनी काच पिवळी पडते."

"पन आपन पांढरं शिकवलं ना?" भावना म्हणाली. "काच पिवळी असली तरी मंग तिचा पिवळेपना कॅमेरा काढून टाकते. उरला काहून?"

"लयच पिवळी असन तं उरत असन थोडा."

"आजोबाच्या लेन्सले नाव ठेवू नको," भावना म्हणाली. "अन् तिले हात बी लावू नको. मी पायतो काय करायचं ते."

भावनाचं म्हणणं बरोबर होतं, मित्रांनो. माझ्यातूनच बघून कॅमेरा पांढरं शिकला, तर माझा पिवळेपणा त्याने आपोआप वजा करायला हवा. मग पिवळं आलं कुठून? ज्याअर्थी ते आपोआप आलं नाही, त्याअर्थी कुणीतरी आणत होतं. भावना साडी धरून समोर असायची तेव्हा मागे कॅमेऱ्यापाशी नितेशच असायचा. खुटखुट त्याचीच ऐकू यायची. माझा संशय पक्का होत चालला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी नितेशने मला पिशवीतून बाहेर काढलं, मला बॅटरीच्या उजेडासमोर धरून आरपार पाहिलं आणि फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलू लागला. "हो, जुनी हाय. धातूचीच. पिवळी पडली, पन माल एक नंबर हाय... किती दिवस लागतीन?... नाही नाही, तिले नाही सांगतलं अजून." माझ्या अंगावर काटा आला. हा मला विकायला निघाला होता!

पण त्याने विकलं नाही. त्याहून भयंकर केलं. भावना आजीला घेऊन गावात गेली आणि हा शिडी लावून मोटारीच्या खोलीच्या टिनाच्या छपरावर चढला. तिथे त्याने पोळ्या गुंडाळतात तो चकचकीत कागद पसरला आणि मला त्यावर उन्हात आडवं ठेवून दिलं. झाकण नाही, काही नाही! वर ऊन, खाली तापलेलं टिन. वांगं भाजायला ठेवावं तशी मी तिथे पडले होते. अधूनमधून तो वर यायचा, मला उलटं करायचा आणि निघून जायचा. भावना परत यायच्या आत मी पिशवीत. असं तो रोज करू लागला. मला ओरडता येत नाही, नाहीतर मी चांदूर रेल्वेच्या स्टेशनापर्यंत ऐकू गेले असते.

भावनाने पुन्हा चाचणी घेतली. पुन्हा आजीची साडी, पुन्हा कापूस, पुन्हा आजी. पुन्हा सगळं पिवळं. ती पार रडकुंडीला आली. नितेशही डोकं खाजवत होता, पण मला त्याचं ते खाजवणं नाटकी वाटलं. बाजूच्या शेतातली वेचाई संपत आली होती. खुशालराव रोज येऊन विचारायचा, "झालं का तुमचं? बाया बोलावू का?"

तिसऱ्या चाचणीच्या दिवशी भर दुपारी भावनाने पिशवी उघडली. मी तिथे नव्हते. तिने शोधाशोध केली आणि बाहेर आली, तर नितेश टिनावर उभा, हातात मी.

"काय करून राहिला तू?" ती खालूनच ओरडली.

"ऊन देऊन राहिलो हिले."

"उन्हात टाकून फोडतं आजोबाची लेन्स? म्हंजे मंग तुही लेन्स लावता येईन, कॅमेरा बी तूच चालवशीन! सेटिंग बी तूच बदलत असशीन माह्या मांगं! म्हनूनच पिवळं येते सगळं!"

खुशालराव बांधावरून बघत होता. "मले तं पयल्याच दिवशी डाउट आला होता," त्याने आगीत तेल ओतलं. "फुकटात कॅमेरा कोन देते आजकाल?"

"भावना, आधी इचार तं त्याले," इंदूबाई खाटेवरून म्हणाल्या. पण त्यांचं कुणी ऐकलं नाही.

नितेश शिडी उतरून खाली आला. त्याचा चेहरा माझ्यासमोर होता आणि तो फोटोसाठीचा चेहरा नव्हता. "तुले असं वाटते माह्याबद्दल?" त्याने विचारलं. भावनाने मान फिरवली. मग त्याने मला खाटेवर घडी घालून ठेवलेल्या पांढऱ्या साडीवर ठेवलं, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि मोटारसायकल सुरू केली. आवाज डांबरी रस्त्यापर्यंत ऐकू आला, मग बंद झाला.

खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. चोर पकडला गेला होता आणि मी शाबूत होते. कॅमेरा गेला म्हणजे सिनेमाही गेला, हे माझ्या ध्यानात आलंच नाही. ते भावनाच्या ध्यानात आलं. ती आजीच्या पायाशी बसून रडू लागली. इंदूबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही झालं पिच्चर तं नाही झालं, माय. तुह्या जिवाची काहून ओढाताण करतं?"

उन्हं कलली तेव्हा खुशालराव आला. कॅमेरा गेला असला तरी काढलेली चित्रं संगणकावर होतीच, आणि ती आपल्याला दाखवल्याशिवाय कुठे जाऊ नयेत म्हणून तो ठाण मांडून बसला. भावनाने नाइलाजाने ती लावली. आपल्या बापाविषयी इंदूबाई काय बोलतात, याकडे त्याचे कान होते. पण नजर पडद्यावरच्या कापसावर गेली आणि तो ताडकन उठला.

"हा माह्या वावरातला कापूस नाही! हा कवडी कापूस हाय!"

कवडी म्हणजे पाण्याने डागाळलेला, पिवळा पडलेला, हलका माल. खुशालरावाच्या मते त्याच्या सात पिढ्यांत कुणी कवडी पिकवली नव्हती.

"काका, तो तुमचाच हाय. लेन्समुळे तसा दिसते."

"लेन्स-बिन्स मले सांगू नको! लोकं म्हनतीन, खुशालरावच्या वावरात कवडी निंगाली! हाच बेत होता काय तुमचा?" तो तरातरा बाहेर गेला, वावरातून एका पंजात मावतील तेवढी बोंडं ओरबाडून घेऊन आला, त्यातला कापूस बाहेर ओढला आणि माझ्या शेजारी, त्या साडीवर आदळला. "पाय! डोये उघडून पाय! कुठं पिवया हाय?"

भावनाने पाहिलं. मग ती खाली वाकली आणि पुन्हा पाहिलं. कापूस पांढरा होता. आणि त्याच्याखालची साडी निळी दिसत होती. अगदी हलकी निळी, पहाटेच्या आकाशाइतकी. एकटी असताना ती जगातली सगळ्यात पांढरी वस्तू होती. कापूस शेजारी आला तेव्हा तिचा रंग उघडा पडला.

"आजी," भावनाचा आवाज बदलला होता, "साडीले नीळ देतं का तू?"

"आता ग माय!" इंदूबाई म्हणाल्या. "नीय नाही देली तं पांढरी कशी दिसन?"

मित्रांनो, आमच्याकडे घरोघरी असंच करतात. पांढरा कपडा धुतला की शेवटच्या पाण्यात नीळ घालतात, कारण नीळ घातलेलं पांढरं डोळ्यांना जास्त पांढरं वाटतं. माणसाचा डोळा त्याला फसतो आणि खूश होतो. कॅमेरा बिचारा अक्षरशः शिकतो. भावनाने त्याला निळी साडी दाखवून सांगितलं, हे पांढरं. त्याने निमूटपणे ऐकलं आणि जे खरंच पांढरं होतं ते त्याला पिवळं दिसू लागलं. सेटिंग कुणीच बदलत नव्हतं. माझ्या मागे जी खुटखुट चालायची ती रोजची, साधी, कामाची खुटखुट होती. आम्ही माझ्या काचेवर संशय घेतला, नितेशवर घेतला. त्या साडीवर मात्र कुणाचाच संशय गेला नाही, माझाही नाही. तिच्यावर कोण संशय घेणार होतं?

खुशालरावाला यातलं काही पटलं नाही. "ते मले समजत नाही," तो म्हणाला. "कापूस पांढरा दिसला तं ठेव. परवा बाया वावरात उतरतीन, त्याच्या आत काय करायचं ते कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावनाने एका पिशवीत साडी, मूठभर कापूस आणि मला घेतलं आणि अकोल्याची बस धरली. पिशवीतून मला काही दिसत नव्हतं, पण रिक्षावाल्याने "जठारपेठ" म्हटलेलं ऐकलं आणि मला उगाच देवमन आठवले.

नितेश आपल्या दुकानात एका लग्नाचं चित्रण जोडत बसला होता. भावनाने मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं, शेजारी साडी पसरली आणि तिच्यावर कापूस ठेवला. त्याने एकदा साडीकडे पाहिलं, एकदा कापसाकडे. त्याला समजायला वेळ लागला नाही.

"नीळ," तो म्हणाला. "मी बी रोज लग्नात पांढरे धोतर-टोप्या पायतो. नाही आलं ध्यानात."

"उन्हात काहून ठेवत होता तू तिले?" भावनाने विचारलं.

"पिवळी पडलेली काच ऊन देलं की साफ होते. इथल्या एका जुन्या रिपेरवाल्याले फोन करून इचारलं होतं. काही दिवस रोज द्या लागते म्हने. गुन येईन का नाही, मले मालूम नव्हतं. आधीच सांगतलं असतं अन् नसती झाली, तं तू नाराज झाली असती." त्याने कापूस बोटांनी चाचपला. "काच साफ होऊन राहिली होती अन् चित्र पिवळंच येऊन राहिलं होतं. मी बी त्याच्यानंच चक्रावून गेलो होतो."

त्याने मला उचलून एका कोऱ्या कागदावर धरलं. माझ्यातून कागद जवळजवळ पांढरा दिसत होता. कडेचा बुरशीचा ठिपकाही वाळून बारीक झाला होता. ज्याला मी मारेकरी समजत होते, तो मला बरं करत होता. मित्रांनो, मला फार लाज वाटली. पण लेन्सला मान खाली घालता येत नाही.

"माहं चुकलं, नितेश," भावना म्हणाली.

"हो. चुकलं."

"कॅमेरा देशीन का? उद्या वेचाई हाय. तू बी चाल ना."

तो उठला. मग कपाट उघडून त्याने कॅमेरा काढला. "आजीसाठी देतो," तो म्हणाला. पण हातात दिला नाही. टेबलावर ठेवला, खिशातून फोन काढला आणि कॅमेऱ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढू लागला. वरून, खालून, कोपऱ्यावरचे जुने ओरखडे जवळून. मग त्याने मलाही पालथं-उताणं करून माझे फोटो काढले.

"हे काहून?" भावनाने विचारलं.

"जसा देऊन राहिलो, तसाच वापस पायजे म्हनून. अन् हिचेही असू दे. उद्या तू म्हनशीन, उन्हात फोडली."

भावनाचे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी संशय मनात बाळगला, पण तो दुसऱ्याच्या मनात असा उतरताना पहिल्यांदाच पाहिला. त्याच्या फोनची बारकी काच माझ्याकडे रोखून बघत होती. मी आजवर जगाकडे कशी बघत आले, ते मला तेव्हा समजलं.

सिनेमा झाला. भावनाने माझ्यासमोर खुशालरावाचा कापूस धरून कॅमेऱ्याला पांढरं शिकवलं. वेचणाऱ्या बाया वावरात उतरायच्या आधी इंदूबाई काठी टेकत कापसात उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. त्यांचा सावळा, सुरकुतलेला चेहरा जसा होता तसा माझ्यातून आला. खुशालरावाच्या बापाविषयी त्या जे बोलल्या त्यात थोडं कडू होतं, थोडं गोड होतं. खुशालरावाने सगळं ऐकलं. "खोटं नाही बोलली," एवढंच म्हणाला, आणि मग कापूस पडद्यावर पांढरा दिसतो की नाही ते दोनदा तपासलं. भावनाने कॅमेरा स्वतः जाऊन परत केला. नितेशने तो फोटोंशी ताडून पाहिला, मान हलवली आणि ठेवून दिला. आता दोघं भेटतात, नीट बोलतात. पण पूर्वीसारखं 'घे, तुहाच समज' तो म्हणत नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. घरात एखादी जुनी लेन्स असेल तर तिला अंधारात कोंडून ठेवू नका. कोरडी ठेवा, अधूनमधून बाहेर काढा, पिवळी पडली असेल तर ऊन दाखवा. आणि कुणाचा संशय आलाच, तर घ्या बापडे. संशय घेऊ नका असं सांगायला माझी जीभ रेटत नाही, मी त्यातच मुरलेली आहे. फक्त बोट दाखवण्याआधी, आपण पांढरं कशाला म्हणतोय ते एकदा शेजारी मूठभर कापूस ठेवून बघा. भावनाने ते पाहिलं तेव्हा कापूस अजून वावरात होता. नितेश मात्र निघून गेला होता.